बॅटरीचे तीन उपास

सयाजीरावांना हा उद्योग सांगितला कुणी, हे इंदुमतीबाईंनी इतक्या वेळा विचारलं की पुढे तो प्रश्न राहिलाच नाही, घरातलं एक पालुपद झाला. पालुपदाला उत्तर द्यायचं नसतं, टाळ धरायचा असतो. आणि उभा जन्म आकारामबुवांच्या मागे टाळ घेऊन उभ्या राहिलेल्या सयाजीरावांना एवढं तरी कुणी शिकवायला नको होतं.

खरं म्हणजे सांगितलं कुणीच नव्हतं. आकारामबुवा म्हणजे औंधच्या अंगानं पसरलेल्या वाड्यावस्त्यांचे कीर्तनकार. एके काळी बुवा खाली मंडपात उभे राहिले की वर डोंगरावर यमाईच्या पायऱ्या चढणारा माणूस मध्येच थांबून हात जोडायचा, असं लोक सांगत. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण अतिशयोक्ती व्हावी इतका आवाज होता, हे तर खरंच. तो आवाज पंच्याहत्तरीनंतर बसला. डॉक्टरांनी घशात उजेड पाडून पाहिलं आणि निदान केलं : वय. अभंग तेच, दृष्टांत तेच, डोळ्यांतलं पाणीही तेच. पण पहिल्या चार रांगांच्या पुढे काही पोचेना. इकडे नवे तरुण कीर्तनकार टेम्पोभर साउंड घेऊन यायला लागले. बुवांना येणारी बोलावणी आटली. बुवा कधी बोलले नाहीत. फक्त घरी गेलं की त्यांची वीणा खुंटीवर गवसणीत दिसायची आणि गवसणीवर धूळ दिसायची. सयाजीरावांना ती धूळ स्वतःच्या अंगावर बसल्यासारखी वाटायची.

अशात बोरजाईवाडीहून सुभेदार मानसिंगांचा फोन आला. पलटणीतून परत आल्यापासून वाडीच्या सप्ताहाचं सगळं तेच बघत.

"काल्याच्या कीर्तनाला बुवास्नी घिऊन या," मानसिंग म्हणाले. "पर सयाजीराव, राग मानू नगा, आगाऊच सांगतो. पोरांचं म्हननं हाय, बुवांचं मागं काय बी ऐकू येत न्हाई. ह्या साली बघतो. ऐकू गेलं तर ठीक, न्हाईतर पुढच्या साली दुसरा बुवा बघाय लागंल."

"स्पीकर आहे ना तुमच्याकडे?"

"स्पीकर हाय की. लाईट न्हाई. सकाळच्या पारी आमच्याकडं लाईट म्हंजी जावई. आला तर आला. आन् जनरेटर लावला, तर लोक बुवा सोडून त्येचीच धडधड ऐकत बसत्यात."

फोन ठेवला तेव्हा सयाजीरावांचा निश्चय झालेला होता. निवृत्तीनंतर भजनी मंडळाला हिंडवण्यासाठी घेतलेली जुनी व्हॅन त्यांच्याकडे होती. त्या व्हॅनमध्ये आवाज न करणारी, धूर न सोडणारी वीज बसवायची. बुवांचा श्वाससुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू गेला पाहिजे.

बॅटरी हा विषय त्यांना नवा नव्हता. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत इन्व्हर्टरची बॅटरी त्यांच्याकडेच असे. दर एकादशीला स्वतः उपास करायचा आणि बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर पाजायचं, असा त्यांचा नेम होता. त्यामुळे ती बॅटरी आपल्या पुण्याईवर चालते असा त्यांचा समज होता, आणि ती कधी बंद पडली नाही म्हणून तो समज कुणी खोडलाही नाही. पण तसली बॅटरी व्हॅनमध्ये नको, असं सगळ्यांचंच मत पडलं. जड, आम्ल सांडणार, निम्मी वापरली की मान टाकणार. आता लिथियमचा जमाना.

मग सुरू झालं ते निव्वळ स्थळ बघणं. सयाजीरावांनी मुलीच्या लग्नात जेवढी चौकशी केली नव्हती तेवढी बॅटरीची केली. घराणं कुठलं? आतलं रसायन कोणतं? स्वभाव तापट आहे का? शिरवळच्या एका कारखान्यात बॅटऱ्या जुळवतात असं कळलं, म्हणून ते तिथं जाऊन आले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "कितीशे घ्यायच्या?" "एक," सयाजीराव म्हणाले. तेव्हा त्यानं त्यांना प्यायला पाणी दिलं, आणि उन्हात परत फिरू नका, जरा बसा, असं सांगितलं. फाटकाच्या आत काही त्यांना पाहुणचार मिळाला नाही.

गाडीच्या परवान्याच्या खिडकीवर वेगळाच पेच. व्हॅनमध्ये काय बदल करणार, असं विचारल्यावर सयाजीरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "कीर्तनाची सोय."

खिडकीतल्या बाईंनी संगणकावर वर-खाली पाहिलं. "रुग्णवाहिका आहे, खाद्यपदार्थांची गाडी आहे, फिरतं ग्रंथालय आहे. कीर्तन नाहीये."

"मग ग्रंथालयात घाला. ज्ञानच आहे."

"पुस्तकं आहेत का आत?"

"टाळ आहेत."

बाई सज्जन होत्या. हसल्या नाहीत. गाडीला भोक न पाडता, काही न जोडता नुसती पेटी आत ठेवली तर ते सामान समजतात, असं त्यांनी हळूच सांगितलं. एवढा खटाटोप करून अखेर आपलं देवकार्य 'सामान' ठरलं, याचं सयाजीरावांना वाईट वाटलं; पण परमार्थात मान-अपमान गिळावा लागतो, म्हणून त्यांनी तो गिळला.

स्थळ शेवटी सांगलीत जुळलं. हळदीच्या पेठेमागे अजमलचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. सयाजीराव सांगलीला नोकरीत असताना अजमलचे वडील सिकंदरभाई कचेरीची जीप दुरुस्त करायचे, त्यामुळे घरोबा जुना. अजमलनं दोन बॅटऱ्या पुढ्यात ठेवल्या.

"ही बघा काका, हलकी हाय, बारकी हाय, दिसायला देखणी. पण डोकं गरम. स्कूटरवाले नेत्यात. आणि ही लोखंड-फॉस्फेटची. जरा थोराड हाय, पण थंड. बडबड न्हाई. वर्षानुवर्षं नांदंल."

सयाजीरावांनी दुसरीवर हात ठेवला. संसार थंड डोक्यावरच चालतो, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. घरात ते डोकं इंदुमतीबाईंचं होतं. मग त्यांनी बॅटरी चोहीकडून फिरवून पाहिली आणि विचारलं, "हिला पाणी कुठून पाजायचं?"

"पाणी न्हाई लागत हिला."

"अजिबात?"

"तोंडच न्हाई काका हिला."

सयाजीराव जरा खट्टू झाले. सेवेला वावच नाही, अशी ही पहिलीच मूर्ती. निघताना अजमलनं छोटा इन्व्हर्टर बांधून दिला आणि बजावलं, "बॅटरीत जोर लय हाय, पण हे इन्व्हर्टरचं पोट बारकं हाय. माइक, अ‍ॅम्प्लिफायर, एखादा पंखा, बास. जादा लावलं तर हे भांडत न्हाई. गप बसतं."

साताऱ्यात बॅटरीची वरात पोचायच्या आत बातमी पोचली होती. सोसायटीचे चेअरमन शंभूराज जिन्यातच उभे. त्यांचं मोबाइलचं दुकान होतं, त्यामुळे बॅटरीच्या बाबतीत सोसायटीत त्यांचा शब्द शेवटचा.

"काका, पार्किंगमध्ये लिथियम ठेवायचं नाही. ठराव करतोय."

"अहो, ही थंड आहे. लोखंड-फॉस्फेटची."

"लोक पाटी वाचत नाहीत काका, धूर बघतात."

"धूरही नाही निघत."

"मग लोक तो निघायची वाट बघतात."

बॅटरी घरात आली. देव्हाऱ्याजवळ नको, बिछान्याखाली नको, गॅसपाशी तर नकोच, असं करत इंदुमतीबाईंनी तिला गॅलरीत तुळशीशेजारी जागा दिली. संध्याकाळी दिवा लावताना त्या तुळशीला हात जोडायच्या आणि बॅटरीकडे बघून म्हणायच्या, "तू मात्र पेटू नकोस गं बाई."

ठराव मंजूर झाल्यावर शंभूराजांचं मन मोकळं झालं आणि ते सल्ला द्यायला घरी आले. चेअरमनपण वेगळं आणि शेजारधर्म वेगळा, हे आपल्याकडचं मोठेपण. चहा घेता घेता ते म्हणाले, "काका, नवी बॅटरी आहे. लगेच कामाला जुंपू नका. आधी पूर्ण रिकामी करा, मग भरा. असं तीनदा. म्हणजे तिला सवय लागते. आम्ही पहिल्या मोबाइलपासून हेच सांगत आलोय गिऱ्हाइकांना."

"म्हणजे उपास."

"तसंच म्हणा."

आता उपास म्हटल्यावर सयाजीराव मागे सरणार? दुसरा कुणी असता तर त्यानं दिवाबिवा लावून बेताबेतानं बॅटरी रिकामी केली असती. सयाजीरावांनी तिच्याकडून कडक उपास करवले. पंखा लावला, बल्ब लावला, आणि शेवटचा टिपूस संपेपर्यंत शेजारी जप करत बसले. पहिल्या दोन उपासांना ती कशीबशी उठली. तिसरा उपास निर्जळी झाला. इन्व्हर्टर बंद पडल्यावरही आत काही उरलं असेल म्हणून त्यांनी गाडीचा बल्ब थेट बॅटरीलाच जोडला. बल्ब मंद झाला, विझला. त्यानंतर चार्जर लावला तर चार्जरनं ओळखच दाखवली नाही. पडद्यावर आकडा नाही, हिरवा दिवा नाही, काही नाही.

शंभूराजांनी येऊन बोट लावून पाहिलं. "गेली," ते म्हणाले, आणि चप्पल घालून तेही गेले.

काला चार दिवसांवर आला होता, आणि सकाळीच बुवांचा फोन येऊन गेला होता. बुवांनी वीणेला नव्या तारा घातल्या होत्या. फोनवर त्यांनी तार छेडून ऐकवली होती. त्या एका तारेपायी सयाजीरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

व्हॅन गॅरेजला होती, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ते बॅटरी शालीत गुंडाळून एसटीनं सांगलीला निघाले. मांडीवर घेऊन बसले. कराड सोडल्यावर कंडक्टर आला.

"काय हाय ह्यात?"

"बॅटरी. लिथियमची."

शेजारचा माणूस उठून मागे गेला. कंडक्टरनं एक पाऊल मागे घेतलं. "पेटती का?"

"नाही हो. मेलीय ती."

"आवं, मेल्यावरच पेटवत्यात न्हवं?"

अख्खी एसटी हसली. सयाजीराव खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. पुढे सांगलीपर्यंत त्यांच्या बाकावर कुणी बसलं नाही, त्यामुळे पाय तेवढे मोकळे करता आले. दुःखात सुख म्हणतात ते हे.

अजमलनं मीटर लावलं. काटा हलला नाही. त्यानं बॅटरी उलटी करून पाहिली, कान लावून पाहिला, ती जिथं जुळवली होती त्या शिरवळच्या कारखान्याला फोन केला. तिकडून 'तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं एका गोड आवाजानं पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मग गाणं लावलं. अजमलचाही चेहरा उतरला. दोघं दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. चहा आला, गार झाला. मग एकदम अजमल म्हणाला, "काका, हिला उपाशी ठिवलीवती का?"

"तीन उपास. शेवटचा निर्जळी."

"या अल्ला!" अजमलनं कपाळावर हात मारला. "आवं काका, रोजा बी संध्याकाळी सोडत्यात की!"

"पण आता?"

"चूक माजी बी हाय. सांगायचंच ऱ्हायलं. ती मेली न्हाई. आत एक राखनदार बसलेला असतोय. लय उपासमार झाली की तो दार लावून घेतोय, आतला जीव वाचावा म्हनून. बाहेरनं बघनाऱ्याला वाटतंय मेली."

"म्हणजे समाधी लागलीय," सयाजीराव हळूच म्हणाले.

"तसंच समजा."

अजमलनं तसलीच भरलेली दुसरी बॅटरी आणली, दोन्हीच्या तारा क्षणभर एकमेकींना जोडल्या आणि चार्जर चढवला. पडद्यावर हिरवा ठिपका उगवला. सप्ताहात पहारा बदलताना एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्ये खाली म्हणून टेकत नाही. सयाजीरावांना तेच आठवलं. त्यांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही ठरवता आलं नाही. पण समोर अजमल होता, आणि ते योग्यच झालं.

काल्याच्या सकाळी बोरजाईवाडीत मंडप भरला होता. देवळासमोर बुवांची जागा, बुवांच्या मागे टाळकरी, पुढे गाव, आणि गावाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये महाप्रसादाचा स्वयंपाक. व्हॅन बाजूला चिंचेखाली. तिच्यातून वायर निघून मंडपाच्या खांबांवरून फिरत शेवटच्या खांबावर संपत होती. तिथं बोर्ड टांगला होता, मागचा स्पीकर लावायला. व्हॅनमध्ये बटणापाशी इंदुमतीबाई.

"मी अंघोळ करून कीर्तनाला आलेय, वॉचमन म्हणून नाही," त्या म्हणाल्या होत्या. पण बसल्या. दुसऱ्या कुणाच्या हाती बटण द्यायला त्याही तयार नव्हत्या.

कीर्तन उभं राहिलं आणि अपेक्षेप्रमाणे लाईट गेली. वाडीच्या कर्ण्यातली खरखर बंद झाली. आणि त्या शांततेत व्हॅनच्या स्पीकरमधून बुवांचा आवाज आला. बारीक, थोडा कापरा, पण स्वच्छ. शब्दामागचा श्वास, श्वासामागचं थांबणं, सगळं शेवटच्या रांगेपर्यंत. पारावर रेलून बसलेली पोरं सरळ बसली. मानसिंगांनी टोपी नीट केली. सयाजीरावांच्या हातातला टाळ आपोआप मऊ वाजायला लागला.

बुवांचा पूर्वरंग झाला, दृष्टांत रंगात आला, गौळणी यमुनेवर निघाल्या, आणि खट्. स्पीकर मुका झाला.

बुवांचे ओठ हलत होते. चौथ्या रांगेपुढे काही जात नव्हतं. मागच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं मोबाइल काढला. मानसिंगांनी मान वळवून सयाजीरावांकडे पाहिलं, आणि ते बघणं सुभेदाराचं होतं.

सयाजीरावांचा पाय उचलला आणि तिथंच राहिला. कीर्तन चालू असताना टाळकऱ्यानं रांग सोडायची नसते, बुवांना पाठ दाखवायची नसते. उभ्या आयुष्यात त्यांनी ते केलं नव्हतं. एकदा पायाला विंचू डसला तेव्हासुद्धा नाही. व्हॅनमध्ये इंदुमतीबाई बटण दाबत होत्या. इन्व्हर्टर एकदा टूं करत होता आणि पुन्हा गप बसत होता. का, ते त्यांना तिथून दिसत नव्हतं. सयाजीरावांना समोर दिसत होतं. शेवटच्या खांबावरच्या बोर्डात स्पीकरच्या पिनेशेजारी आणखी तीन पिना खोचलेल्या होत्या, आणि त्यांच्या वायरी सरळ स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेल्या होत्या. चटणी वाटायची होती, लाईट नव्हती, आणि देवाच्या दारात बोर्ड रिकामा दिसला. गावाच्या दृष्टीनं त्यात चूक काहीच नव्हती. मानसिंगांची सून रेश्मा बंद पडलेल्या मिक्सरचं झाकण दाबून, बटण पुन्हा पुन्हा फिरवत होती.

ओरडावं तर कीर्तन मोडतं. जावं तर नेम मोडतो. सयाजीरावांनी डोळे मिटले.

त्याच वेळी बुवांनी हात वर केले. त्यांनाही तेच दिसलं होतं. ते हसले, गौळणीचीच चाल धरली आणि त्या झिरझिरीत आवाजात म्हणाले,

"मिक्सर काढा गे बायांनो, मिक्सर काढा गे!"

टाळकऱ्याचा धर्म असा, की बुवा म्हणतील ते मागे म्हणायचं. अर्थाचं नंतर बघायचं. टाळकऱ्यांच्या रांगेनं पूर्ण गळ्यानं उचललं : "मिक्सर काढा गे!" मृदंगानं ठेका दिला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावत उचललं. बायकांनी टाळ्या धरल्या. मग मागची पोरं हसत हसत उभी राहिली आणि त्यांनी तर असं उचललं की चिंचेवरचे पक्षी उडाले. शेडमध्ये रेश्मानं मिक्सर सोडून दोन्ही हातांनी टाळ्या सुरू केल्या. दोन आवर्तनं ती भक्तिभावानं म्हणत होती. मग शेजारची म्हातारी तिला ढोसून म्हणाली, "आगं, ते तुलाच म्हनत्यात!"

तिन्ही पिना निघाल्या. इंदुमतीबाईंनी पुन्हा बटण दाबलं, आणि स्पीकर भर समेवर जागा झाला. अख्ख्या गावाचं 'मिक्सर काढा गे' माइकमधून समोरच्या डोंगरावर जाऊन परत आलं.

बुवांनी हात खाली घेतले. क्षणात सगळं थांबलं.

"बघा," बुवा अगदी हळू म्हणाले, आणि आता ते पारापर्यंत ऐकू गेलं, "देवानं वायर एकच दिलीय. आणि आपण तिच्यावर किती मिक्सर लावतो!"

मंडप हसला, आणि हसता हसता गप्प झाला. गौळणी पुन्हा यमुनेवर निघाल्या.

दहीहंडी फुटली, काला वाटून झाला, पंगती मांडायला लागल्या. मानसिंग येताना दिसले तसे सयाजीराव पुढे झाले. काय बोलायचं त्याची त्यांनी मनात सगळी जुळवणी करून ठेवली होती.

"सुभेदार, बॅटरीचा दोष नव्हता हो. बॅटरी भरलेलीच आहे. इन्व्हर्टरचं पोट लहान, त्यात तीन मिक्सर एकदम, म्हणून तो—"

"व्हय व्हय," म्हणत मानसिंग त्यांना ओलांडून गेले. आकारामबुवा बाजेवर टेकले होते. मानसिंग त्यांच्या पायाशी वाकले आणि पुढच्या सालची सुपारी त्यांच्या हातावर ठेवली.

बुवांनी ती मुठीत धरली नाही. उघड्या तळव्यावर तशीच राहू दिली.

"सुभेदार, पुढल्या सालापर्यंत हा आवाज एवढा तरी राहील का, कुणी सांगावं?"

"ऱ्हाऊ दे न्हाईतर न ऱ्हाऊ दे," मानसिंग म्हणाले. "तुमी नुस्ती चाल धरा. म्हनायला गाव हाय."

बुवांनी सुपारी कपाळाला लावली. बराच वेळ ती तिथंच होती.

सयाजीराव व्हॅनकडे वळले. त्यांचं बोलणं अर्धंच राहिलं होतं, आणि ते पुरं करावंसं त्यांना आता वाटेना. शेवटच्या खांबापाशी रेश्मा मिक्सरचं भांडं पोटाशी धरून उभी होती.

"आवं काका, आता लावू का? पंगत बसाय लागली, चटनी तशीच ऱ्हायलीय."

सयाजीरावांनी तिच्या हातातली पिन घेतली, उपरण्यानं पुसली आणि स्वतः बोर्डात खोचली. "लावा. स्पीकर आता बंद आहे. पण एकेक लावा हं, बाई."

मिक्सर घरघरायला लागला. बाजेवर बुवांनी डोळे मिटले होते. त्यांनी क्षणभर कान दिला, त्या घरघरीतलाच षड्ज पकडला आणि गुणगुणायला लागले. जवळून आमटीची बादली घेऊन जाणाऱ्या वाढप्यानं ते उचललं, त्याच्याकडून पहिल्या पंगतीनं, आणि पानावर मीठ वाढायच्या आत ते दुसऱ्या टोकाला पोचलं होतं.